आईच्या मुठीतला कंगवा

मी कंगवा बोलतोय. आवाज कापतोय माझा, तेवढं सांभाळून घ्या.

साच्यातून बाहेर पडलो तो थेट एका ब्युटी पार्लरमध्ये आलो. तिथे केस कापणाऱ्या बाईच्या एप्रनचा खिसा हेच माझं घर. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोक्यात फिरायचं, संध्याकाळी तिच्या लेकीच्या. लेकीला सगळे चिमणी म्हणायचे. वय सात, तोंडाची टकळी अखंड चालू.

पार्लरमधल्या एका सुवासिक क्रीमवर बायकांच्या उड्या पडायच्या. डब्यात उरलंसुरलं आई घरी आणायची आणि चिमणीच्या केसांना मुळापासून चोळायची. लेकीचे केस म्हणजे तिचा जीव की प्राण.

चिमणी भराभर वाढू लागली. पोरीने छान अंग धरलंय, असं शेजारीण म्हणाली की आई सुखावायची. मग एका सकाळी वेणी घालताना चिमणी म्हणाली, छातीत दुखतंय, गाठ आलीय. आईने हात लावून पाहिलं आणि मी फरशीवर पडलो.

आईला वाटलं, काहीतरी जीवघेणं आहे. मला पर्समध्ये टाकून ती चिमणीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, हाडांचं वय कळावं म्हणून हाताचा एक्स-रे काढला. रोग नव्हता. दुसरीतली पोर वयात येऊ लागली होती. केसांना, अंगाला काय लावता, असं त्यांनी विचारलं. क्रीमचं ऐकून म्हणाल्या, काही सुगंधी वस्तूंमधली रसायनं शरीरात शिरून वयात आणणाऱ्या हार्मोनचं सोंग घेतात. यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आजपासून बंद.

घरी आल्यावर चिमणीने विचारलं, "आई, मी मोठी झाले का? आता खेळायचं नाही?"

"खेळायचं. तू अजून सातच वर्षांची आहेस," आई म्हणाली. मग मला उचलून तिने चिमणीची विस्कटलेली वेणी पुन्हा घातली.

क्रीम सुटलं. पुढच्या तपासणीत वाढ जरा मंदावलेली निघाली. थांबेल की पुन्हा उसळेल, ते बघत राहायचं, एवढंच कळलं. आईचा जीव तेव्हापासून टांगणीला लागलाय.

काल पार्लरमध्ये एक बाई छोट्या मुलीला घेऊन आली. तेच क्रीम लावा म्हणाली.

"लहान मुलीला नको, ताई," आई म्हणाली.

"का बरं?"

मालकीण काउंटरवरून बघत होती. चार लोक पोरीबद्दल काय बोलतील, या धास्तीने आईने हे तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती खुर्चीपाशी खाली बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. मालकीण जवळ आली. रागावून आली की ऐकायला, मला मुठीतून दिसेना. पण आई बोलायची थांबली नाही.

खुर्चीतली मुलगी मात्र आरशात बघून स्वतःलाच वेडावत होती. लोकहो, कुठलाही डबा उघडण्याआधी तिच्याकडे एकदा बघा. तिला अजून बरीच वर्षं असंच वेडावू द्या.