पुन्हा उघडलेलं इंजिन

इंजिन हाताने फिरवून बघताना पाना तिसऱ्यांदाही त्याच जागी अडला.

अडला म्हणजे थांबला नाही, जोर लावला की पुढे सरकत होता. पण गेजताईच्या मनगटाला ते अडणं पटेना. स्प्रिंगचा जोर हाताला कळतो. ती आधी रेटते आणि टोक ओलांडलं की हाताला पुढे ढकलून देते. इथे अंधारात भिंतीला खांदा लागावा तसं क्षणभर काहीतरी लागत होतं आणि सुटत होतं.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरायच्या आणि रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःचे दात आवळून गाडी पळवायची, हा त्यांचा नाद. या वेळी त्यांनी नवे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे, आणले होते. त्यांचे उंचवटे जुन्यांपेक्षा उंच. म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणार, इंजिन छातीभर श्वास घेणार. पण खोल उघडलेला व्हॉल्व्ह तितक्याच झपाट्याने मिटायलाही हवा. तो रेंगाळला तर खालून येणारा पिस्टन त्याला गाठतो आणि मग दोघांचंही भलं होत नाही. म्हणून व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या सोळाच्या सोळा स्प्रिंगाही नव्या, कडक.

त्या बसवल्या होत्या गेजताईने, एकटीने. काकांच्या गॅरेजात नऊ वर्षं काढल्यावर तिच्या हाती सोपवलेलं हे पहिलं इंजिन. फटी मोजायचं गेज कायम तिच्या खिशात, म्हणून नाव गेजताई. डॉक्टरही तिला तशीच हाक मारत.

"काका, हे उघडावं लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच लहान. गॅरेजात तो ऐकायला माणसाला हातातलं काम थांबवावं लागे.

काकांनी थांबवलं. येऊन पाना स्वतः फिरवला. "नव्या स्प्रिंगा आहेत. कडक असणारच."

"पंधरा कडक आहेत. एक वेगळी आहे."

"तुला हातावरून कळलं?"

"हो."

"चार वाजता ट्रक येतोय," डॉक्टर म्हणाले. ते सकाळपासून स्टुलावर बसून होते, पेशंटसारखे. "गाडी त्यावर चढली नाही तर उद्याचा ट्रॅक गेला. मी दाढ बंद करून पुन्हा उघडायला घेतली ना ताई, तर पेशंट खुर्चीसकट पळून जाईल."

"आणि आत कापूस राहिलाय असं वाटलं तर?"

डॉक्टरांनी स्टूल जरा मागे सरकवलं.

काकांनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा राग हळू बोलण्यात असे. "हे बघ पोरी, उघडलंस म्हणजे चुकलीस, एवढंच गावभर होईल. माझ्या गॅरेजातून गेलेलं इंजिन मी कधी परत उघडलेलं नाही."

"हे अजून गेलं कुठे?"

"शब्दात पकडू नकोस. उघडलंस तर पुढचं इंजिन तुझं नाही. काउंटरवर बसायचं, पावत्या फाडायच्या."

टेबलाच्या पलीकडे ते पुढचं इंजिन उभं होतं, प्लास्टिकखाली. महिनाभर ती त्याच्याकडे येता-जाता बघत आली होती. उघडलं नाही तर ते तिचं. कदाचित या स्प्रिंगला काही होणारही नाही. कदाचित.

ती परत गाडीपाशी गेली आणि झाकणाचा पहिला बोल्ट सैल केला.

"अगं!" काका म्हणाले.

"ऐकलं मी, काका." दुसरा सैल केला.

पाना जिथे अडत होता तिथे तिने खडूची खूण केली होती. त्या जागी तिसऱ्या सिलिंडरचे आत हवा घेणारे दोन व्हॉल्व्ह पूर्ण दबलेले होते. म्हणजे संशयित दोनच. कॅमशाफ्ट उतरवले. स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून सुती दोर आत सोडला, वेटोळं करून, आणि पिस्टन वर आणून तो दाबून धरला. डॉक्टर स्टूल सरकवत जवळ आले.

"पेशंटच्या तोंडात असा दोर चालला असता तर," ते पुटपुटले.

पहिली स्प्रिंग निघाली. खाली सगळं बरोबर. दुसरी निघाली. तिच्याखाली बैठक म्हणून घातलेली नवी चकती उचलली आणि गेजताईने टॉर्च जवळ नेली. जुन्या तेलाने काळा पडलेला धातूचा गोल तळ. तिने नखाने कड खरवडली. कड हलली.

जुनी चकती. जुन्या स्प्रिंगा काढताना सोळा जुन्या चकत्याही काढायच्या होत्या. पंधरा निघाल्या. ही तेलाच्या थराखाली अशी चिकटून बसली होती की तळाचाच भाग वाटावी, आणि गेजताईने तिच्यावर नवी ठेवली होती. जाडी मोजली: एक मिलिमीटर. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेटोळ्यांमध्ये राहायला हवी ती मोकळीकही एकच मिलिमीटर. सगळी खाल्ली गेली होती. वेटोळं वेटोळ्याला टेकत होतं.

म्हणजे चूक तिचीच. दुसऱ्या कुणाचा हातही लागला नव्हता.

काका दाराशी फोनवर होते. डॉक्टर चष्मा पुसत होते. चकती नखाएवढी पातळ. खिशात गेली असती तर "काही नव्हतं, उगाच शंका" एवढं म्हणून काम भागलं असतं. हा विचार तिला आला, हे खरं. तो आल्याचीच तिला लाज वाटली.

तिने चकती तळहातावर घेतली आणि काकांसमोर धरली. "माझी चूक. मी मोजल्याच नाहीत. सोळा मोजायला हव्या होत्या."

काकांनी फोन कानावरून खाली घेतला. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

"बरं झालं. आता बंद कर," ते शेवटी म्हणाले. "तीन वाजलेत, अजून जमेल."

"नाही जमणार. उरलेल्या चौदाही उघडणार आहे मी."

"कशाला? सापडली ना?"

"एकदा मोजलं नाही म्हणून हे झालं. आता चौदांवर विश्वास कुठल्या तोंडाने ठेवू?"

चारला ट्रक आला. डॉक्टर बाहेर गेले, ड्रायव्हरशी हातवारे करून बोलले आणि ट्रक रिकामा गेला. परत येऊन ते स्टुलावर बसले. चेहरा उतरला होता. "फार वाईट बाई आहात तुम्ही," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "टॉर्च धरू का?"

"धरा. हलवू नका. पेशंटला सांगता तसं."

चौदांखाली काही निघालं नाही. प्रत्येकीची उंची तिने मोजली आणि कागदावर लिहिली. पुन्हा सगळं जुळवून पाना फिरवला, तेव्हा सोळा उंचवटे एकामागून एक हाताला रेटून, हाताला ढकलून गेले.

काकांनीही फिरवून पाहिलं. दोनदा. पाना खाली ठेवला. "ठीक आहे. पण बोललो ते बोललो. सोमवारपासून काउंटर."

"अहो," काउंटरवरून काकू म्हणाल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "इथे खुर्ची एकच आहे. आणि तिच्यावर मी बसलेय."

"तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे? मी बसलेय म्हटलं."

डॉक्टर खोकल्यासारखं हसले. गेजताई हसली नाही. तिने हात पुसले.

"काका, मी चुकले. तुम्ही सांगाल तितकी माणसं बोलवा, त्यांच्यासमोर म्हणेन. पण चुकले म्हणून हटणार नाही. चूक कुणी लपवली तर त्याला काउंटरवर बसवा. मी उघडून दाखवलीय."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही नाही म्हणाल." आवाज तेवढाच लहान. "आणि मी इथेच उभी असेन. मला उचलून न्यावं लागेल, आणि तुमची पाठ धड नाही."

काकांचा हात आपोआप कमरेवर गेला. तो तिथे गेल्याचं लक्षात येऊन त्यांनी तो काढला, आणि कुणाकडेही न बघता नळाशी हात धुवायला गेले.

नळ बराच वेळ चालू राहिला. तोवर गेजताईने पुढच्या इंजिनावरचं प्लास्टिक काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि पहिला बोल्ट सोडायला घेतला.