सिदी ताहेरचा दगड

शुक्रवारची नमाज आटोपली, की ट्युनिशियाच्या दक्षिण डोंगरातलं ते अख्खं गाव सिदी ताहेर या संताच्या दगडापाशी लोटायचं. तीन वर्षांपूर्वी कमरेला लागणारा दगड आता खांद्याला भिडला होता.

"संत उठतोय," शेख बन्नूर दगड कुरवाळत सांगे. "उठणाऱ्याच्या अंगावर कुणी पांघरूण टाकतं का? मग माती कशाला टाकता?"

म्हणून पुरानं फुटलेला खालचा बांध कुणी सांधला नाही. एरवी पावसाळा सरला की घरटी एक माणूस टोपली घेऊन बांधावर येई. आता टोपल्यांतून शेखसाठी खजूर नि अंडी यायची.

त्या बांधाच्या आधारानंच लामीनची जैतुनाची झाडं उभी होती. त्यांची मुळं उघडी पडली होती. त्याची मुलगी सल्हा गावच्या शाळेत शिकवायची. आणखी एक जोराचा पाऊस, की झाडं गेली, हे तिला दिसत होतं.

त्या शुक्रवारी ती पुढे आली. "शेख, दगड उठला, तर आमची झाडंही संत झाली का? तीही वर आलीत."

"संताला सलाम करायला, पोरी."

लोक खूश झाले. लामीननं मान खाली घातली.

सल्हा बायकांकडे वळली. डोंगराच्या कपारीपासून दगडाच्या माथ्यापर्यंत खजुराचं एक आडवं लाकूड होतं. तिच्या आजीच्या काळापासून गावच्या घोंगड्या त्यावर वाळत.

"मब्रूका मावशी, पूर्वी घोंगडी कशी टाकायचात?"

"दुहेरी. नाहीतर चिखलात लोळायची."

"आणि आता?"

"अख्खी सोडली तरी भुईला टेकत नाही. हातही उंच करावा लागतो मेला."

"लाकूड कलंडलंय?"

मावशीनं पाहिलं. लाकूड सरळ होतं. "नाही गं."

"दगड उठला असता, तर त्याच्याकडचं टोक वर गेलं असतं. दगड जागचा हलला नाही. बांध फुटला, पाण्यानं खालची माती नेली. उरलेली वाऱ्यानं."

शेख हसला. "संताबरोबर डोंगरही उठला असेल."

"म्हणजे खाली गेलो ते आपणच," मावशी म्हणाली. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेख गाव सोडून गेला. टोपल्या निघाल्या, पण बांध निम्मा होण्याआधीच आभाळ फुटलं. सकाळी लामीनचं सर्वांत जुनं झाड ओढ्यात आडवं पडलेलं होतं.

"बांध झाला, की माती परत भरेल ना?" त्यानं विचारलं.

"भरेल, बाबा. बोट-बोटभर. तुमच्या नातवाच्या म्हातारपणी."

लामीन टोपली उचलून बांधाकडे निघाला. बांधावर टोपल्या रिकाम्या करणारी माणसं त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

पाणी कुणाचा भक्त नसतं आणि वारा नवसाला पावत नाही. वाटेत जे सैल सापडेल, ते दोघं घेऊन जातात. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढं पाहावं, की तो वर गेला की आपण खाली आलो. तीन वर्षांपूर्वी कुणी एवढं पाहिलं असतं, तर ते झाड आज उभं असतं.