कलावतीचा पाट

तुळशीराम गेले, पण कलावतीची तक्रार काही गेली नाही. या माणसानं जन्मभर रेसच्या गाड्या केल्या, त्याही स्वतःच्या हातानं, अन् बायकोला एक साधा पाट करून दिला नाही! बोलले होते, मापसुद्धा घेतलं होतं, पुढं काय? शून्य. गुडघ्यात कळ आली की ती हे बोलणार म्हणजे बोलणारच, समोर ऐकणारं कुणी असो की नसो.

हिंदी मुलखातल्या गुढियारी वस्तीत त्यांच्या घराला लागून टिनाचं शेड होतं. तुळशीराम रेल्वेत फिटर. ड्यूटीवरून आले की चहा उभ्या उभ्याच प्यायचे आणि शेडमध्ये शिरायचे. पाइप वाकव, पत्रा ठोक, कुठल्याशा मोडक्या मारुतीचं इंजिन आणून बसव. शहराबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर त्या गाड्या अशा काही पळायच्या की बघणाऱ्याच्या दातांत धूळ जायची. त्यांची एक रीत होती. गाडी ज्यानं चालवायची त्याला आधी खाली बसवायचे आणि सुतळीनं मापायचे. खांदा, कंबर, गुडघा, जागोजाग गाठ मारायची. "गाडी सदऱ्यासारखी अंगाले झाली पाहिजे," म्हणायचे. म्हणूनच एकाची गाडी दुसऱ्याला कधी होत नसे.

कलावती मात्र एकाही गाडीत बसली नाही. "मरायचा शौक तुम्हाले असंल, मले नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यावर ते हसून मान डोलवायचे, "हव."

आता शेडमध्ये एकच गाडी उरली होती, शेवटची, निळी. दुसऱ्या दिवशी तुळशीरामांचा पहिला स्मृतिदिन. भंतेजी येणार, वंदना होणार, माणसं बसवायची कुठं? म्हणून मुलानं, प्रशिकनं, भनपुरीहून भंगारवाल्या गुलाबरावांना टेम्पो घेऊन बोलावलं होतं.

"आई, खाली करावंच लागेल ना शेड," तो म्हणाला.

"खुर्च्या आंगणात मांड. मी काय नाही म्हणून राहिली?"

"आंगणात किती मावतील? अन् ठेवून करायचं काय? कुणाच्याच कामाची नाही ती."

हे बोलताना त्यानं निळीकडं बघणं टाळलं. आईच ती, त्याला काय सलतंय ते तिला कळलं. गेल्या काही वर्षांतली बाबांची प्रत्येक गाडी प्रशिकच्याच मापाची होती, त्यानंच पळवली होती. या निळीत मात्र बसला तर गुडघा थेट स्टेअरिंगला. शिवाय क्लच पायाशी नाहीच, स्कूटरसारखा हाताला! बाबांना विचारलं तर म्हणाले, "पुरी होऊ दे, मंग सांगतो." गाडी पुरी व्हायच्या आधीच ते दवाखान्यात गेले आणि घरी आला तो त्यांचा देहच.

"बाबा मेरा माप भूल गए थे, आई. माझं माप!"

"त्यायचा हात चुकत नव्हता, प्रशिक."

"चुकला ना पण."

तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर नावं ठेवली, आणि आता नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ आली तर तोंडात शब्द नाही. जिवाला फार लागलं तिच्या.

गुलाबराव गल्लीच्या तोंडाशी आल्याचा फोन आला तसा प्रशिक त्यांना घ्यायला गेला. कलावतीनं ओलं फडकं उचललं. तिच्या घरातून वस्तू मळकी बाहेर पडत नसे, मग ती भंगारात का जाईना. बॉनेट पुसलं, चाकं पुसली. वाकली तशी डाव्या गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. टेकायला काही नाही.

"एक पाट तं करून द्यायचा होता हो!" ती करवादली आणि आधाराला हात पुढं केला. हाताला एक दांडी लागली, अगदी हव्या त्या उंचीवर. तिथंच गाडीची बाजू खाली कापलेली होती. पाय न उचलताच ती आत सरकली आणि टेकली.

टेकली, आणि तिनं आजूबाजूला चाचपून पाहिलं.

कंबर नीट बसली. पाठीला पत्र्याचा बाक बरोबर आला. डावा गुडघा, तो हट्टी, न वाकणारा गुडघा, लांब पसरून आरामात राहिला. तिथं दाबायला काहीच नव्हतं. क्लच वर होता, तिच्या हाताशी.

तिला ती दुपार आठवली. ती भाजी निवडत बसलेली, आणि हा माणूस सुतळी घेऊन आला. कमरेभोवती गुंडाळायला लागला, मग गुडघ्याला.

"शरम हाये काय काही? काय मापून राहिले?"

"तुले पाट करून देतो, कला. बसाले तरास होते ना."

"अगं माय!" कलावती मोठ्यानं बोलली, आणि मग रडली. तोंडाला पदर न लावता, लहान पोरीसारखी रडली.

प्रशिक आणि गुलाबराव दारातच थांबले. प्रशिकची नजर आईच्या पसरलेल्या गुडघ्यावर गेली, तिथून क्लचवर, मग त्या दांडीवर. तो चाकाशी बसला.

"मैं भी ना…" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्यानं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

गुलाबराव बिचारे अवघडले. "मंग, उचलायची का वहिनी?"

"काहून? घरचा पाट कोणी भंगारात देते काय?" कलावतीनं नाक पुसलं. "आले तसे हात लावा. ढकला."

दोघांनी मिळून निळी गाडी गल्लीत काढली. दारादारातून बाया डोकावल्या, कुणी हसलं, कुणी टाळ्या पिटल्या. स्टेअरिंग घट्ट धरून, डोळे मिटून कलावती ओरडत होती, "हळू रे पोट्ट्या, मारतं काय मले!"

प्रशिक घाबरून थांबला.

तिनं एक डोळा उघडला. "काहून थांबला? जरा जोरानं ढकल ना."