अठ्ठावन्न गुण

मित्रांनो, मी एक जुना गाण्याचा डबा आहे. पडद्यावर शब्द दाखवतो, संगीत वाजवतो आणि गाणं संपलं की शंभरपैकी गुण देतो. मनिलातल्या एका सुतारानं मला प्लायवूडचं अंग दिलं. पीला गावच्या आलिंग पासिंगनं मला आपल्या किराणा दुकानापुढे मांडलं. तिची लेक मारिव्हिक सोड्याच्या क्रेटवर चढून माझ्या माइकमध्ये गायची.

काय ते दिवस! माझ्यावाचून गावात एकही वाढदिवस होत नसे.

मारिव्हिक चर्चमध्ये गायली, मग मनिलाला ऑपेरा शिकायला गेली. चौथ्या वर्षी जत्रेला घरी आली. भर दुपारी तिनं माइक घेतला, शिकवल्याप्रमाणे तोंडापासून चांगला लांब धरला आणि गायली.

अठ्ठावन्न.

मग बोयेटमामा. त्यानं माइक गिळायचाच बाकी ठेवला.

सत्त्याण्णव!

"चार वर्षं शिकून अठ्ठावन्न?" मामा हसून लोटपोट. "पोरी, फी परत माग!"

"तिथे बाई म्हणतात, तुझ्या गळ्यात बाजार आहे. इथे तुम्ही मला हसता. मग मी गाऊ तरी कुठे?" मारिव्हिकनं माइक खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा आहे. मी बसत नाही. संपलं!"

कबूल करतो मित्रांनो, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. माइकमध्ये जेवढा मोठा आवाज शिरेल, तेवढे गुण. पण हे सांगू कसं? मला फक्त आकडे बोलता येतात.

मामाचं हसू मावळलं. तो उठला आणि त्यानं माझी वायर उपटली.

"मेला डबा! आता गा. चर्च, ऑपेरा, बाजार, सगळं."

"एकाच गाण्यात?"

"एकाच ताटात शेवया आणि डुक्कर खातो ना आपण? मग?"

पडदा काळा झाला, पण कान शाबूत होते. ती ऑपेराच्या उंच सुरात चढली, दुकानाचे पत्रे थरथरले. मग हळूच सगळ्यांना पाठ असलेल्या प्रेमगीतावर उतरली. आलिंग पासिंग झाऱ्यासकट गाऊ लागली. मग सगळी गल्ली!

तेच गाणं ती परीक्षेत गायली. बाईंनी नाक मुरडलं आणि पास केलं. आज मोठ्या वाद्यवृंदासोबत ती ऑपेरा आणि प्रेमगीतं दोन्ही गाते. पहिल्या रांगेतून मामा मोठ्यानं साथ देतो. बेसूर.

मित्रांनो, हल्ली माझ्यावर कोंबडी बसते. तिला हाकला, मला कोरड्या फडक्यानं पुसा. आणि घरात एखादं लेकरू गाऊ लागलं, तर मी आकडा सांगायची घाई करीन, माझी खोड जायची नाही. तुम्ही मात्र त्याच्यासोबत गा.