डाव्या कानाचा शेंडा

मी एका करड्या मांजरीच्या डाव्या कानाचा शेंडा बोलतोय. हसू नका. मांजर जिवंत आहे, कानही जागेवर आहे. फक्त मी तिथे नाही. मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे.

माझा जन्म एका लाँड्रीच्या मागे, फाटक्या गोणपाटावर झाला. सुरुवातीला मी डोक्याला चिकटून होतो. मग उभा राहिलो आणि ऐकू लागलो. जे काही यायचं ते आधी माझ्यापाशी, याचा मला फार तोरा होता. भिंतीपलीकडे डबा उघडला तरी मला कळायचं.

पण ऐकू येणं म्हणजे नुसतं सुख नव्हे. मांजरीला दोनदा पिल्लं झाली आणि दोन्ही वेळा एकेक करून गेली, कुणी थंडीत, कुणी गाडीखाली. जाताना आईला हाका मारायची. काही दिवसांनी मांजर पुन्हा नीट खायला लागायची, मी मात्र ऐकतच असायचो.

गल्लीतल्या मांजरांना एक काकू खाऊ घालतात. लाँड्री चालवणारे म्हातारे, ज्यांना सगळे इस्त्रीवाले म्हणतात, लाँड्री बंद करून आता वरच राहतात. मांजर दिसलं की त्यांची चप्पल पायातून हातात. "काकू, जेवण तुमचं आणि बाळंतपणं आमच्या दारात, असं किती दिवस?" त्यांनी एकदा विचारलं. त्यांचंही खरंच होतं. काकूंनी ठरवलं, सगळ्या माद्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं.

आमची पाळी आली. पिंजऱ्यात मासा होता. मांजर आत शिरली आणि मागे दार पडलं. काकूंनी वरून जुनी चादर टाकली. "घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज थरथरत होता.

दवाखान्यात भूल दिल्यावर डॉक्टरबाईंनी पोटावरचे केस काढले आणि हात थांबवला. "काकू, हिला दूध आहे."

दारात उभ्या काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई. गल्लीत ओरडणारी पिल्लं हिच्या बहिणीची, असं मी धरून चालले होते. दोघी एकसारख्याच दिसतात हो."

"आता झोपवलंय तर करून टाकते. नंतर पाजू शकेल ती. पण पिल्लं शोधा."

शेवटी बाईंनी कात्री घेतली. डाव्या कानाचा शेंडा सरळ कापायचा, ही ऑपरेशनची खूण. मग तिला पुन्हा कुणी धरत नाही. मला दुखलं नाही. मी ट्रेमध्ये पडलो आणि तेव्हापासून मला फार लांबचं ऐकू येऊ लागलं.

शेजारी तिची गर्भपिशवी होती. तिथून कुणीच हाक मारत नव्हतं. इतकी शांतता मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मला बरं वाटलं. पण लांबून, गल्लीतून, हाका येत होत्या.

मांजर बेशुद्धच होती, डोळे उघडे आणि कोरे. तिला पिंजऱ्यात ठेवलं, तसा तिचा कापलेला कान हळूच वळला. ऐकत मी होतो, वळत तो होता.

"भुलीत स्नायू उडतात असे," डॉक्टरबाई म्हणाल्या. काकूंनी पिंजरा उलटा फिरवला. कान परत गल्लीच्याच बाजूला आला. काकूंनी पर्स उचलली.

मी ट्रेमध्ये पडल्या पडल्याच, त्यांच्या चपलांचा आवाज धरून मागे गेलो. इस्त्रीवाल्यांनी कुरकुरत लाँड्रीचं शटर उचललं. जुन्या कपड्यांच्या ढिगात दोन पिल्लं सापडली. काकूंनी ती टोपलीतून आणून आईच्या पोटाशी ठेवली. मांजर अर्धवट जागी झाली होती. पिल्लं पिऊ लागली, सगळ्यांना हायसं वाटलं. कान मात्र अजून गल्लीकडेच होता.

"दोनच होती ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आता त्या स्नायूंचं काही बोलल्या नाहीत.

काकूंनी फोन लावला. "अहो इस्त्रीवाले, अजून एक असावं. त्या ढिगामागच्या भिंतीला जरा कान लावा."

"या वयात मला काय काय करायला लावता?"

त्यांनी कान लावला. भिंतीआड, जुन्या धुराड्याच्या पोकळीत तिसरं पिल्लू पडलं होतं. मघापर्यंत ओरडत होतं, आता गप्प झालं होतं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मला येत होतं, छातीतली बारीक धडधड.

"काही नाही हो इथे."

काकूंनी मांजरीच्या कानाकडे पाहिलं. "फोडा," त्या म्हणाल्या.

"काकू, माझी भिंत आहे ती."

मग हातोडीचा पहिला घाव मला ऐकू आला.

आता पिशवीचं तोंड बांधलंय आणि गाडी आम्हाला कचरा जाळायच्या भट्टीकडे नेतेय. तिकडे लाँड्रीत विटा पडतायत. पिल्लाची धडधड मंद होत चाललीय. तुम्हाला कधी डावा कान सरळ कापलेली मांजर दिसली, तर तिला धरू नका, तिचं झालंय. आणि तो कान रिकाम्या भिंतीकडे वळलेला दिसला, तर तिला हुसकू नका. जरा थांबून तुम्हीही ऐका. मी तिच्यासोबत नसेन.

भट्टीचं दार उघडलं. तिकडे आणखी एक वीट पडली. इस्त्रीवाले धुळीने खोकतायत. "आहे," ते म्हणतायत, "अहो काकू, आहे इथे." आणि मग एक बारीक हाक.

मांजरीचा कान आता सरळ झाला असेल. माझं ऐकून झालं.