नवा घ्यावा की जुनाच सुधारावा

माझी धाकटी बहीण माणसांना विमान चालवायला शिकवते. शेकडो प्रवासी बसतात ती विमानं नव्हेत. ही छोटी, दोघंच जण खांद्याला खांदा लावून बसतील एवढी, नाकावर एकच पंखा. त्यात बसून बोलायचं म्हणजे गिरणीत उभं राहून गुपित सांगण्यासारखं आहे, असं ती म्हणते. म्हणून शिकणारा आणि शिकवणारी, दोघांच्याही कानांवर हेडसेट असतात आणि ओठांना चिकटेल इतक्या जवळ माइक.

तिचा हेडसेट इंजिनाचा आवाज मारणाऱ्या जातीचा. ही युक्ती तिने मला पहिल्यांदा समजावून दिली तेव्हा मला फार आवडली होती. कानावरच्या वाटीत एक बारकासा माइक असतो. तो गोंगाट ऐकतो, आणि यंत्र त्या गोंगाटाच्या बरोबर उलटा आवाज तयार करून त्याच्या अंगावर सोडतं. दोन्ही एकमेकांना संपवतात. काट्याने काटा काढायचा, तसं. मागे उरतो फक्त विमानतळाच्या टॉवरवरून सूचना देणाऱ्या माणसाचा आवाज.

गेले काही आठवडे आमच्या घरात हाच एक विषय होता. आम्ही दोघं एकत्र राहतो. तिचं लग्न मोडलं आणि माझं जमलंच नाही, त्यामुळे एकमेकांशिवाय बोलायला घरात दुसरं कोणी नाही. हेडसेट जुना झाला होता. कानांच्या गाद्या बदलून झाल्या होत्या, डोक्यावरची पट्टी तर तिने स्वतःच्या हाताने शिवली होती. बनवणाऱ्यांनी तो बनवणं कधीच सोडलं होतं. पण विमानतळाजवळच्या एका दुकानात तसल्या जुन्या हेडसेटचा आतला सगळा ऐवज काढून नवा बसवून देत.

"जुनं खोकं, नवी आतडी," ती म्हणायची. "की सरळ नवाच घेऊ? नवा हलका असतो म्हणे. पण हा माझ्या डोक्याला बसलाय रे दादा, जुन्या चपलेसारखा."

"मग हाच सुधारून घे."

"आणि हवेत असताना पुन्हा दगा दिला तर?"

"मग नवा घे."

"तुझं म्हणजे वारा येईल तशी पाठ द्यायची. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, पण स्वतःचं एक मत म्हणून दिलं नाहीस कधी."

हे खरंच होतं. मी मुद्रितं तपासायचो. मूळ प्रत एका हाताला, छापून आलेला कागद दुसऱ्या हाताला. दोहोंत फरक दिसला की खूण करायची. मत द्यायची वेळ त्या कामात येत नाही, आणि मला ते बरं वाटायचं.

हेडसेटचा विषय निघाला तो एका घोटाळ्यामुळे. तिच्याकडे एक दाताचे डॉक्टर विमान शिकायला येतात. वयाने मोठे, सावध गृहस्थ. टॉवरने काही सांगितलं की वैमानिकाने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. म्हटलं, तरच ते ऐकलं असं धरतात. त्या दिवशी टॉवरने डावीकडे वळायला सांगितलं. डॉक्टरांनी "डावीकडे वळतो" असं परत म्हटलं. बहिणीने बटण दाबून त्यांना खोडून काढलं, "उजवीकडे." वर आणखी त्यांना म्हणाली, "दात उपटता उपटता तुमचे कान उपटले गेले वाटतं, डॉक्टर!" टॉवरचा माणूस म्हणाला, पहिलं बरोबर होतं.

खाली उतरल्यावर डॉक्टरांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, एवढंच. त्याचाच तिला जास्त राग आला.

"हेडसेटने घात केला माझा," घरी आल्या आल्या तिने तो टेबलावर आपटला. "याचं काहीतरी केलंच पाहिजे."

त्याच डॉक्टरांना घेऊन तिला पुन्हा वर जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्या दुकानात गेलो. मला तिने मुद्दाम नेलं. "तू बारीक अक्षरातलं वाच, मी कानांनी बघते," म्हणाली.

दुकान लांबोडकं होतं. एका भिंतीला खुंट्यांवर हेडसेट टांगलेले, दुसऱ्या भिंतीशी उंच स्पीकर, आणि मधल्या टेबलावर एक लाकडी पेटी. दुकानदार जाडजूड, हसरा माणूस होता. त्याने बहिणीला ओळखलं.

"या कॅप्टन! आणि हे?"

"हे माझे वकील," ती म्हणाली. "बोलत नाहीत, पण सोबत असले की बरं वाटतं."

"असा वकील सगळ्यांना मिळो," तो म्हणाला आणि मला खुर्ची दिली.

त्याची पद्धत सोपी होती. स्पीकरवर इंजिनाचा आवाज लावायचा, अगदी विमानात असतो तेवढा. पेटीला दोन हेडसेट जोडता येत. त्यांतून टॉवरचं ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं ऐकू येई. गिऱ्हाइकाने ऐकायचं आणि विमानात म्हणतात तसं परत म्हणायचं. "म्हणजे तुमचं तुम्हालाच कळतं," तो म्हणाला. "मला काही विकावं लागत नाही."

नवा हेडसेट त्याने तिच्या डोक्यावर चढवला. जुना पेटीवर पडला होता. ती मला म्हणाली, "घाल की तू. रिकामा कशाला बसतोस? जरा बघ तरी आपली बहीण काय ऐकते ते."

मी तो घातला. मला लाज वाटली. आरशात पाहिलं असतं तर घुबड दिसलं असतं. दुकानदाराने इंजिन सुरू केलं. टेबल थरथरू लागलं. मग त्याने माझ्या कानावरची कळ दाबली, आणि तो सगळा गोंगाट कोणी चादर ओढून घ्यावी तसा निघून गेला. एक बाई शांतपणे बोलत होती. टॉवरची भाषा तुटक आणि ठरावीक असते, मी ती इथे आपल्या बोलण्यासारखी करून लिहितो.

बाई म्हणाली, "वारा डावीकडून."

बहीण ठसठशीतपणे म्हणाली, "वारा डावीकडून."

मला कौतुक वाटलं. तिचा कामावरचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी ती चढ्या आवाजात बोलते; इथे तो खाली उतरला होता, त्यात कसलीच घाई नव्हती.

बाई म्हणाली, "धावपट्टीच्या अलीकडे थांबा. एक विमान उतरतं आहे."

बहीण म्हणाली, "धावपट्टीवर येऊन थांबते."

मला वाटलं, माझंच चुकलं. या गोष्टींतलं मला काय कळतं? पण दुकानदाराचा हात कळीवर तसाच राहिला होता. त्याने तेच वाक्य पुन्हा लावलं. बाईने तेच सांगितलं. बहिणीनेही तेच म्हटलं, त्याच शांत आवाजात, आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

तिने हेडसेट काढला. चेहरा उजळला होता. "काय स्वच्छ ऐकू येतं! जुन्याचं नावच काढू नका. ठरलं, नवाच."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी टेबलाकडे.

मुद्रितं तपासणाऱ्यांची एक खोड असते. डोळा समोरचं अक्षर वाचत नाही, तिथे जे असायला हवं ते वाचतो. ओळीत एक शब्द गळालेला असतो आणि आपण तो मनानेच भरून पुढे जातो. जितका अनुभव जास्त, तितकं हे सफाईने होतं. नवशिक्या अडखळतो, म्हणून त्याला चूक सापडते. डॉक्टर नवशिके होते. माझी बहीण टॉवरचं बोलणं इतकी वर्षं ऐकत आली होती, की आता तिला ते ऐकायची गरजच उरली नव्हती.

"असं मेल्यासारखं तोंड काय केलंस?" तिने विचारलं. "तुला जुनाच आवडला की काय?"

मी नुसतं 'नवा घे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने तो घेतला असता, उद्या घालून वर गेली असती.

"ठमे," मी म्हणालो. लहानपणी ती गोल आणि ठेंगणी होती, तेव्हापासूनचं नाव. बाहेरच्यांसमोर ते घेतलं की ती चिडते. या वेळी चिडली नाही. "ती बाई अलीकडे थांबा म्हणाली. तू धावपट्टीवर येते म्हणालीस."

"छे! जुना हेडसेट आहे तो. मी तेच तर सांगतेय सगळ्यांना."

"जुना माझ्या कानावर होता. तुझ्या कानावर नवा होता."

ती हसायला गेली आणि तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. मग म्हणाली, "अदलाबदल कर."

आम्ही हेडसेट बदलले. दुकानदाराने दुसरं बोलणं लावलं. त्या बाईने इतक्या उंचीवर या, अमुक दिशेला वळा असं काहीबाही सांगितलं. मी नव्यातून प्रत्येक शब्द ऐकला, जसा मघाशी जुन्यातून ऐकला होता. बहिणीने ठरावीक ते बरोबर म्हटलं. जिथे ठरावीक नव्हतं, तिथे तिने ठरावीक तेच म्हटलं. प्रत्येक वाक्यानंतर ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिसऱ्या वाक्यानंतर तिने परत म्हणायचं सोडलं.

दुकानदाराने इंजिन बंद केलं. "होतं असं," तो म्हणाला. "दुसरा नमुना लावू का, कॅप्टन?"

त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नव्हे. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिच्याही आलं असावं.

"दादा," ती म्हणाली, "तोंड झाकून काहीतरी बोल."

"कशाला आता..."

"बोल म्हणते ना. विमानात सगळ्यांची तोंडं माइकनी झाकलेली असतात."

मी खिशातला रुमाल तोंडावर धरला. इंजिन बंद होतं, रस्त्यावरून एखादी गाडी जात होती, तेवढंच. मी म्हणालो, "ठमे, चल, घरी जाऊ."

ती कान देऊन ऐकत होती. लहानपणी शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहायची तशी, हात मागे बांधून.

"पुन्हा लावू का, असं विचारलंस," ती म्हणाली. "हो ना?"

मी हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. मी मान हलवून नाही म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. जुना हेडसेट अजून तिच्या गळ्यात होता. तिने त्याच्या गादीवरून अंगठा फिरवला, जिथे रेक्झिनला भेग पडली होती. रडली नाही. मला वाटलं होतं ती दुकानदारावर ओरडेल, माझ्यावर तरी ओरडेल. मी त्याचीच वाट बघत होतो. मला ते सोसलं असतं.

"पुढच्या महिन्यात परवान्यासाठी डॉक्टरी तपासणी आहे," ती म्हणाली. "वाटलं होतं, नवा हेडसेट आला की जरा सराव होईल."

"तपासणीत हेडसेट घालू देतात?" मी विचारलं. काय हा प्रश्न!

"नाही रे," ती मायेने म्हणाली. "उघड्या कानांनीच असते."

दुकानदार पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला. तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "फ्लाइंग क्लबात फोन लाव. हेडना सांग, उद्या मी येणार नाही."

"तूच सांग की."

"फोनवर मला त्यांचं निम्मं कळत नाही. त्यांना वाटतं मी तिरसट आहे."

मी आयुष्यात फोन टाळत आलो आहे. अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य लिहून काढतो. या वेळी लिहायला सवड नव्हती. पलीकडचा आवाज खणखणीत होता, तिच्या क्लबाचे मुख्य शिक्षक.

"कॅप्टनचे बंधू? वा, वा! अहो, काय ठरलं मग हेडसेटचं? इथे आमची पैज लागलीय. मी म्हणतो ती जुना काही सोडणार नाही."

"ती उद्या येणार नाही," मी म्हणालो.

"का? दुकानात ठेवून घेतला का? मग माझा घेईल, त्यात काय! डॉक्टर तर सकाळपासून येऊन बसतील बिचारे."

"हेडसेट ठीक आहे. दोन्ही ठीक आहेत."

"मग अडलं कुठे?"

मी हळूच तिच्याकडे पाठ केली. भिंतीवर हेडसेट टांगलेले होते, त्यांच्याकडे तोंड करून आवाज उतरवला. म्हटलं, आपण काय सांगतो ते निदान तिच्यापर्यंत पोचायला नको. तेवढंच माझ्या हातात होतं.

खांद्यावर तिचा हात पडला. तिने मला वळवलं, जोर लावून नाही, शिकाऊ माणसाच्या हातातला दांडा धरून विमान सरळ करावं तसं.

"माझ्याकडे बघून सांग," ती म्हणाली.

"हॅलो? अहो, मग अडचण काय आहे?" फोनमधला आवाज विचारत होता.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, "तिला ऐकू येत नाही."

तिने मान डोलावली. ऐकलं, या अर्थी.