मोकळ्या बाईची साक्ष

ख्रेमोन दोन साक्षीदार घेऊन अंगणात शिरला, तेव्हा मानिया दगडावर जव भरडत होती.

"अंतिदोरोस!" त्याने उंबऱ्यातूनच हाक दिली. "मला उगाच भांडण लांबवायची हौस नाही. तुझी ही म्हातारी दे आमच्या ताब्यात. चाकावर बांधू, विचारू. तू लिसिलाच्या पोटचा आहेस असं ती म्हणाली, तर आरोप मागे घेतो. या दोघांसमोर सांगतो."

अंतिदोरोस घरातून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मानियाने हातातला दगड बाजूला ठेवला आणि ती उठून उभी राहिली.

"मी तयार आहे," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" ख्रेमोन म्हणाला. "मालकाला विचारतोय."

"उद्या सकाळी सांगतो," अंतिदोरोस कसाबसा बोलला.

त्या वर्षी अथेन्समध्ये गावोगावच्या नागरिकांच्या याद्या तपासायचं खूळ निघालं होतं. बाप नागरिक हवा आणि आईही नागरिकाचीच लेक हवी. शेजाऱ्याशी वाकडं असलेल्या प्रत्येकाला हे आयतंच कोलीत मिळालं. ख्रेमोनचा अंतिदोरोसशी ऑलिव्हच्या चार झाडांवरून जुना दावा होता. त्याने भर गावसभेत सांगितलं, की हा नागरिकाची लेक असलेल्या लिसिलाचा मुलगाच नाही, बापाने कुठल्याशा परदेशी बासरीवालीचं पोर घरात आणलं. गावाने मतं टाकली आणि नाव खोडलं. अंतिदोरोसने न्यायालयात दाद मागितली. तिथे जिंकला तर नागरिक. हरला तर शहर त्याला गुलाम म्हणून विकणार आणि त्याचं घरदार जप्त करणार.

आणि पुरावा कुठून आणायचा? लिसिला बाळंतपणातच गेली. बाप लढाईत पडला, मामा समुद्रात बुडाला, सुईणही कधीच मातीआड झाली. त्या खोलीत दिवा धरून उभी असलेली एकटी मानिया तेवढी जिवंत होती. नाळ कापलेलं ते पोर तिच्याच हातात दिलं होतं. तेहतीस वर्षं झाली त्याला.

पण मानिया गुलाम. गुलामाची साक्ष चाकावर ताणून घेतली असेल तरच न्यायालयात चाले. अंग ताणलं की खरं आपोआप बाहेर पडतं, असं शहरातले लहानथोर सगळेच मानत. मोठमोठ्या शहाण्यांचं हे शहर, पण या बाबतीत कुणाला कधी शंका आली नाही. गुलाम नसलेल्या, मोकळ्या पुरुषाचा शब्द नुसत्या शपथेवर चाले. मोकळ्या बाईचा शब्द मात्र न्यायालयात चालतच नसे, ना शपथेवर, ना चाकावर.

चुलीपाशी मानियाने त्याच्यापुढे भाकर आणि कांदा ठेवला. तो शिवलादेखील नाही.

"खा. उपाशी पोटी विचार करून कुणाचं भलं झालंय?"

"माई, मी तुला त्यांच्या हाती देणार नाही."

"का रे? हाडं माझी, दुखणार मला."

"दुखलं म्हणजे माणूस खरं बोलतं असं नाही. दुखणं थांबावं म्हणून ते काहीही बोलतं. हे मी शंभरदा सिद्ध करून दाखवलंय."

"कुठे? त्या खांबांच्या सावलीत, रिकामटेकड्या दोस्तांपुढे?" मानिया चिडली. "तिथे जिंकलास म्हणून तुझं नाव यादीत आलं का? शहर चुकत असेल, अंती. असू दे. पण मतं तेच शहर टाकणार आहे ना?"

"गुलामालाही आत्मा असतो, असं मी लोकांना सांगत फिरतो. आणि घरातल्या माणसाला चाकावर चढवू?"

"चढव बाबा! माझ्या आत्म्याला काही होत नाही. आणि मी काय काहीबाही बोलणारे? जे झालं तेच सांगणार. लिसिला तुझ्याकडे बघून हसली आणि गेली. एवढंच तर सांगायचंय!"

तो डोकं धरून बसला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि मनात म्हणाली, हट्टी आहे, पण सकाळपर्यंत ताळ्यावर येईल. तिला त्याची प्रत्येक खोड ठाऊक होती. ही एक तेवढी कळली नाही.

सकाळी अंगणात ख्रेमोन आला, त्याचे साक्षीदार आले, चार शेजारी जमले. मानिया स्वच्छ वस्त्र नेसून, केस बांधून उभी होती. अंतिदोरोस वेदीपाशी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "देवासमोर आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, मानियाला मी आजपासून मोकळं केलं. तिच्यावर कुणाची मालकी नाही."

कुणी तरी टाळी वाजवली. एका शेजारणीने तिला मिठी मारली. "नशीब काढलंस गं बाई!"

मानिया मटकन खाली बसली.

"मेल्या, हे काय केलंस? माझी जीभच कापलीस की रे!"

"माई, मी हरलो तर घरातल्या भांड्याकुंड्यांबरोबर तुलाही विकतील. चांदीच्या खाणीत पाठवतील. आता तुला कुणी हात लावू शकत नाही."

"आणि तुला?"

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा हा माणूस खाली मान घालून उभा राहिला. मानियाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पदराखाली घ्यावंसंही वाटलं. ख्रेमोन मात्र हसत हसतच घरी गेला.

ती त्याच्या मागोमाग धावत गेली. त्याच्या दारात तिने दोन्ही हात पुढे केले.

"बांधा मला. मी आपल्या पायांनी आलेय. चाक आणा, काय विचारायचं ते विचारा."

"अगं, मोकळ्या बाईला बांधलं तर मलाच दंड होईल," ख्रेमोन म्हणाला. "धन्याला सांग, खूप शहाणा आहेस."

घरी येऊन तिने अंतिदोरोसचे पाय धरले. मला पुन्हा गुलाम कर म्हणाली. देवासमोर दिलेला शब्द परत घेता येत नाही, असं तो म्हणाला. ती रडली, ओरडली, भांडी आपटली. तो तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला. आठ दिवस ती रोज तेच मागत राहिली आणि तो रोज नाही म्हणत राहिला.

खटल्याच्या दिवशी ती न्यायालयाच्या कुंपणाला धरून बाहेर उभी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. मडक्यातून पाणी गळत होतं, ते संपायच्या आत बोलायचं. अंतिदोरोस वेदनेवर बोलला, सत्यावर बोलला, सुंदर बोलला. पाचशे माणसं चुळबुळत होती. एकाने जोरात जांभई दिली.

मग ख्रेमोन उठला. त्याला अर्धं पाणी गळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मी म्हणालो, म्हातारीला विचारू. ती हो म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो. याने काय केलं? दुसऱ्याच दिवशी तिला मोकळं केलं! का हो? आईचं नाव ऐकायची एवढी भीती का वाटली याला?"

"खोटं!" मानिया कुंपणावरून ओरडली. "मी होते तिथे! मला विचारा!"

काही माणसं वळून बघून हसली. कुणीही विचारलं नाही.

मतं मोजायला वेळ लागला नाही. अंतिदोरोस हरला.

शहराच्या शिपायाने त्याचे हात दोरीने बांधून त्याला फाटकातून बाहेर काढलं. शिपाई स्वतःही शहराचा गुलामच होता. मानिया पुढे झाली आणि तिने ती दोरी दोन्ही मुठींत घट्ट पकडली. ती गुलाम होती तोवर शिपायाने तिला ढकलून दिलं असतं. आता तो हात वर करून मागे सरला.

"सोडा हो बाई," तो गयावया करत म्हणाला. "तुमच्या अंगाला हात लावला तर माझी पाठ सोलतील."

ती सोडेना. वाट अडली, मागचे लोक ओरडायला लागले. तेव्हा अंतिदोरोस तिच्याजवळ सरकला आणि बांधलेल्या हातांनी तिचं एकेक बोट दोरीवरून सोडवू लागला.